आजोबांचं वेबिल आणि राष्ट्रपतिपदाचा अंदाज

(पाचोऱ्यातल्या एका अभ्यासिकेत संध्याकाळी केलेलं हे बोलणं. एपिसोडमध्ये ऐकलं असेल तर हे त्याचंच लिखित रूप आहे. मधली प्रश्नोत्तरं गाळली आहेत आणि माझे "म्हणजे काय की" कमी केले आहेत. सगळे नाही निघाले.)

मला इथे बोलावलं ते कोडिंगवर बोलायला, पण गेल्या आठवड्यात तुमच्यातल्याच एकाने मला मेसेज केला होता, "ताई, २०२७ ला राष्ट्रपती कोण होईल, तुमचा एआय सांगू शकतो का?" तर म्हटलं आज यावरच बोलू. कोडिंग पुढच्या वेळी.

तुम्ही बहुतेक जण एमपीएससी करताय, तेव्हा कलम ५४ आणि ५५ तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त पाठ असणार. मी बीटेकवाली, मला कलमं राहत नाहीत. पण ही निवडणूक मला पाचवीत असताना कळली होती, ती माझ्या आजोबांमुळे.

आजोबा एसटीत कंडक्टर होते. निवृत्त झाले तरी हिशेब जुळवायची सवय काही गेली नाही. कंडक्टरला ड्युटी संपली की वेबिल भरावं लागतं. किती तिकिटं निघाली, कुठल्या नंबरापासून कुठल्या नंबरापर्यंत, पैसे किती. एक रुपया कमी पडला तर खिशातून. त्यामुळे आमच्या घरात "अंदाजे" हा शब्द फारसा चालायचा नाही. भाजी अंदाजे किती झाली, असं विचारलं तरी आजोबा पिशवीतून चिठ्ठी काढायचे.

२००७ चा जून. १४ जूनला बातमी आली की प्रतिभाताई पाटील राष्ट्रपतिपदाच्या उमेदवार. आपल्या जिल्ह्याच्या. बोदवडजवळच्या नाडगावचा जन्म, जळगावच्या एम. जे. कॉलेजात शिक्षण, १९६२ ला २७ व्या वर्षी जळगावातून आमदार, मग एदलाबादेतून, म्हणजे आताच्या मुक्ताईनगरातून. तुम्हाला हे सगळं जीके म्हणून माहीत आहे, पण तेव्हा पाचोऱ्यात काय वातावरण होतं विचारू नका. चहाच्या टपरीवर एकच विषय. आमच्या ओट्यावर शेजारचे एक काका रोज संध्याकाळी यायचे, ते म्हणाले, "काय भो, व्हई का बाई राष्ट्रपती?" आणि मग स्वतःच उत्तर दिलं: होणारच, कारण ताई आजपर्यंत एकही निवडणूक हरलेल्या नाहीत.

आजोबा म्हणाले, "त्याचा इथे काय संबंध? तिथे मतं लोक द्यायचे. इथे आमदार-खासदार देणार."

दुसऱ्या एकाने उलटी बाजू घेतली. समोर भैरोसिंह शेखावत होते, उपराष्ट्रपती. २००२ ला उपराष्ट्रपतिपदाला त्यांनी आपल्या सुशीलकुमार शिंद्यांना ४५४ विरुद्ध ३०५ असं हरवलं होतं. माणूस सगळ्या पक्षांत मैत्री असलेला. "ते मतं फोडतील बघा." (गंमत म्हणजे ताईंच्या सासरचं आडनावही शेखावतच. यावरही अर्धा तास चर्चा झाली, त्या चर्चेचा निकालाशी शून्य संबंध.)

आजोबांनी यातलं काही ऐकलं नाही. त्यांनी कॅलेंडरचं मे महिन्याचं पान फाडलं, मागच्या कोऱ्या बाजूला रकाने आखले, आणि वेबिल भरायला बसले. पहिला रकाना राज्य. दुसरा एका आमदाराच्या मताचं वजन. तिसरा, कोणाचे किती. मला शेजारी बसवलं गुणाकार करायला, कारण मला पाढे येत होते आणि कॅल्क्युलेटरच्या बॅटरीचा खर्च वाचत होता.

आता हे वजन काय ते एका मिनिटात सांगते. राज्याची १९७१ ची लोकसंख्या घ्यायची, निवडून आलेल्या आमदारांच्या संख्येने भागायचं, मग १००० ने भागायचं. १९७१ ची का? कारण कुटुंबनियोजन नीट करणाऱ्या राज्याला शिक्षा नको, म्हणून आकडा तिथेच गोठवला आहे. महाराष्ट्राची तेव्हाची लोकसंख्या ५ कोटी ४ लाख १२ हजार २३५. आमदार २८८. उत्तर येतं १७५. म्हणजे पाचोऱ्याच्या आमदारांनी एका कागदावर खूण केली की १७५ मतं पडली. उत्तर प्रदेशच्या आमदाराची २०८. सिक्कीमच्या आमदाराची ७. मला पाचवीत हे फार अन्यायाचं वाटलं होतं. आजोबा म्हणाले, "गाडीत माणसं किती तेवढी तिकिटं."

मग देशातल्या सगळ्या आमदारांचं वजन मिळवायचं, आणि तेवढंच वजन सगळ्या खासदारांमध्ये वाटायचं. २००७ मध्ये आमदारांचं एकूण ५,४९,४७४ होतं, त्याला ७७६ खासदारांनी भागलं की ७०८. एक खासदार म्हणजे ७०८. दोन्ही मिळून १०,९८,८८२. निम्म्याहून एक जास्त मिळालं की झालं.

इथे मी जरा थांबते, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे. तुम्ही "उमेदवाराची जिंकण्याची शक्यता किती?" असं विचारता तेव्हा तुमच्या डोक्यात लोकसभेची निवडणूक असते. कोट्यवधी लोक, कोण कुठे जाईल सांगता येत नाही, सर्व्हे, एक्झिट पोल. राष्ट्रपतिपदाचे मतदार पाच हजारही नाहीत. प्रत्येकाचं नाव माहीत आहे, पक्ष माहीत आहे, फोटो गुगलवर आहे. इथे सर्व्हे कशाला पाहिजे? मोजा.

आजोबांच्या पानावर असं चाललं होतं. काँग्रेस आणि मित्रपक्ष एका बाजूला. डाव्यांचे लोकसभेत ५९ खासदार, गुणिले ७०८, झाले ४१,७७२. बंगालमध्ये डाव्या आघाडीचे २३५ आमदार, तिथलं वजन १५१, झाले ३५,४८५. आणि मग त्यांनी एक आकडा लिहून त्याला दोनदा गोल केला. उत्तर प्रदेश, बसप, २०६ आमदार गुणिले २०८, बरोबर ४२,८४८. मायावती ११ मे २००७ च्या निकालात स्वबळावर आल्या होत्या, आणि त्यांनी ताईंना पाठिंबा दिला होता. तो गुणाकार मी केला होता, म्हणून आजही पाठ आहे.

सगळ्यात जास्त गाजलं ते शिवसेनेचं. सेना भाजपसोबत, पण उमेदवार मराठी. बाळासाहेब काय करतील? रोज पहिल्या पानावर. आजोबांनी सेनेपुढे प्रश्नचिन्ह टाकलं होतं. नंतर बाळासाहेबांनी ताईंना पाठिंबा जाहीर केला तेव्हा ओट्यावरच्या काकांनी टाळ्या वाजवल्या, "आता पक्कं." आजोबांनी प्रश्नचिन्ह खोडलं आणि मला म्हणाले, "लाव हिशेब, किती फरक पडला."

लावूया. २००४ ला सेनेचे १२ खासदार निवडून आले होते. १२ गुणिले ७०८, ८,४९६. आमदार ६२. मधल्या काळात त्यातले काही फुटले होते, पण सगळे धरू. ६२ गुणिले १७५, १०,८५०. मिळून १९,३४६. एका बाजूची मतं दुसऱ्या बाजूला गेली की फरक दुप्पट पडतो, म्हणजे ३८,६९२. आणि ताई शेवटी किती फरकाने जिंकल्या? ताईंना ६,३८,११६, शेखावतांना ३,३१,३०६. फरक ३,०६,८१०. सेना सगळीच्या सगळी तिकडे राहिली असती तरी निकाल हललाही नसता. महिनाभर ज्या बातमीने पेपर विकले गेले तिचं वजन निकालात एवढंच होतं. बातमी मोठी असणं आणि आकडा मोठा असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि ११ मेची ती लखनौची बातमी, जिच्यावर पाचोऱ्यात कोणी चहाही प्यायला नव्हता, ती वजनात दुपटीहून मोठी होती.

आजोबांचा आकडा होता सहा लाख दहा हजार. १९ जुलैला मतदान, २१ जुलैला निकाल. शनिवार होता, सकाळची शाळा. घरी आले तर टीव्हीसमोर सगळा वाडा. स्टेशन रोडला फटाके वाजत होते. आजोबा मात्र जरा नाराज, कारण हिशेब २८ हजारांनी चुकला होता! ते चूक कुठे झाली ते शोधत बसले. ते पान अजून घरी आहे.

आता तुम्ही म्हणाल, मग झालं की. राष्ट्रपतिपदाचा अंदाज म्हणजे नुसती बेरीज. यात एवढं बोलण्यासारखं काय?

जरा मागे चला. तारीख घ्या १ जून २००७. त्या दिवशी ओट्यावर कोणी म्हटलं असतं की जुलैत प्रतिभाताई राष्ट्रपती होतील, तर? त्या तेव्हा राजस्थानच्या राज्यपाल होत्या, जयपूरला. चर्चेत दुसरीच नावं. शिवराज पाटलांचं नाव जोरात होतं, लातूरचे. डाव्यांनी त्यांच्या नावाला विरोध केला असं तेव्हा सगळीकडे छापून आलं. आणि वर बघितलं ना, डाव्यांचं वजन किती? नुसते लोकसभेचे खासदार आणि बंगालचे आमदार मिळून ७७,२५७. ते नाराज झाले तर बेरीज डळमळते. म्हणजे मोजणी मतदानाच्या दिवशी नव्हती झाली, ती आधीच बंद खोलीत झाली होती, आणि त्या मोजणीतून नाव बाहेर पडलं.

म्हणून हा प्रश्न दोन प्रश्नांचा आहे. हा माणूस उमेदवार होईल का? आणि उमेदवार झाला तर जिंकेल का? शक्यतेच्या गणितात दोन्हींचा गुणाकार होतो. १४ जूनच्या संध्याकाळी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर शंभरात पंच्याण्णवच्या वर होतं. १ जूनला पहिल्या प्रश्नाचं उत्तर शंभरात एकही नव्हतं. तीच बाई, तोच देश, तेच आमदार. दोन आठवड्यांचा फरक. त्यामुळे कोणी तुम्हाला नुसतं "चान्स किती" विचारलं ना, तर आधी विचारा, कुठल्या तारखेला?

हे सगळ्यात नीट कोणाला कळलं होतं माहितीये? डॉ. कलामांना. त्याच जूनमध्ये तिसऱ्या आघाडीवाले त्यांना दुसऱ्यांदा उभं राहा म्हणत होते. कलाम म्हणाले, विजयाची खात्री असेल तर विचार करेन. काही लोकांना ते आवडलं नाही, की कलामांसारख्या माणसाने खात्री मागावी? मला विचाराल तर तो एका इंजिनिअरचा सरळ प्रश्न होता. या निवडणुकीत खात्री मागता येते, कारण ती मोजता येते. आकडे जमत नव्हते, ते दोन दिवसांत बाजूला झाले.

हां, पण पाच टक्के शिल्लक का ठेवले मी? कारण मतदान गुप्त आहे आणि पक्षाला व्हिप काढता येत नाही. वेबिलात तिकिटाचा नंबर असतो, इथे नसतो. २०२२ ला केरळमध्ये १४० आमदार, सगळेच्या सगळे विरोधी बाजूचे. मतपेटी उघडली तर यशवंत सिन्हांना १३९ आणि द्रौपदी मुर्मूंना १. तो एक कोण, हे सांगायला कोणी पुढे आलेलं नाही. आणि या निवडणुकीत मतं बादही होतात. त्याच वर्षी ५३ मतं बाद झाली. आमदार-खासदारांची. आपण म्हणतो लोकांना मतदान शिकवायला पाहिजे.

बहुतेक वेळा ही गळती किरकोळ असते. एकदा ती किरकोळ नव्हती, १९६९ ला. काँग्रेसचे अधिकृत उमेदवार नीलम संजीव रेड्डी. इंदिरा गांधींनी आपल्याच खासदार-आमदारांना सद्सद्विवेकाने मत द्या म्हटलं, म्हणजे व्ही. व्ही. गिरींना द्या. आणि तिसरे उमेदवार आपले मराठी, सी. डी. देशमुख, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, संयुक्त महाराष्ट्राच्या प्रश्नावर नेहरूंच्या मंत्रिमंडळातून राजीनामा देणारे. त्यांना स्वतंत्र पक्ष आणि जनसंघाचा पाठिंबा होता. पहिल्या मोजणीत गिरी ४,०१,५१५, रेड्डी ३,१३,५४८, देशमुख १,१२,७६९. जिंकायला लागत होते ४,१८,१६९. कोणाकडेच नाहीत.

मग दुसऱ्या पसंतीची मतं. आता विचार करा, पहिल्या मोजणीनंतर गिरी जवळपास ८८ हजारांनी पुढे. कोणीही म्हणेल जिंकले. पण देशमुखांच्या मतपत्रिकांवर दुसरी पसंती बहुतेक रेड्डींची. बाद होत जाणाऱ्या उमेदवारांची मतं वाटली गेली तेव्हा रेड्डींना ९१,८७९ मिळाली, गिरींना फक्त १८,५६२. शेवटी गिरी ४,२०,०७७, रेड्डी ४,०५,४२७. ८८ हजारांची आघाडी १४,६५० वर आली. लागणाऱ्या आकड्यापेक्षा गिरी फक्त १,९०८ ने वर होते. आज आपल्या जळगाव जिल्ह्यातल्या ११ आमदारांच्या मतांचं वजन १,९२५ होतं, म्हणजे केवढी बारीक गोष्ट होती बघा. त्या दिवशी आजोबांचं वेबिल चाललं नसतं, कारण रकान्यात पक्ष लिहून उपयोग नव्हता. पक्षच दोन होत होता.

तेव्हा पहिली खूण ही: सत्ताधारी पक्ष आतून एकसंध आहे का? असेल तर बेरीज करा. नसेल तर बेरीज ठेवा बाजूला.

२०२२ ला आपल्याकडे असंच वाटलं होतं. आठवा, २१ जूनला मुर्मूंचं नाव जाहीर झालं आणि त्याच दिवशी महाराष्ट्रात शिवसेना फुटल्याच्या बातम्या. आपले पाचोऱ्याचे आमदारही गुवाहाटीला. मी तेव्हा पुण्यात, वर्क फ्रॉम होम, आणि हौस म्हणून पायथनमध्ये आजोबांचंच वेबिल लिहिलेलं, फक्त प्रत्येक आमदाराला फुटण्याची थोडी शक्यता देऊन प्रोग्राम दहा हजार वेळा चालवायचा. वजनं बदलली होती, जम्मू-काश्मीरची विधानसभा नव्हती म्हणून खासदाराचं मत ७०८ वरून ७०० वर आलं होतं. सेनेचं काय करायचं हे मला दोन रात्री कळेना. मग १२ जुलैला उद्धव ठाकऱ्यांनीही मुर्मूंना पाठिंबा दिला आणि माझा प्रश्नच संपला. दोन्ही गट एकाच रकान्यात! प्रोग्राम आधीही सांगत होता की दहा हजारांत दहा हजार वेळा मुर्मू. प्रत्यक्षात ६,७६,८०३ विरुद्ध ३,८०,१७७. मला फार भारी वाटलं. ग्रुपवर स्क्रीनशॉट टाकला. घरच्यांना वाटलं पोरीला निवडणुका कळतात.

आणि इथून पुढचं सांगायला मला जरा जड जातं.

३ नोव्हेंबर २०२४. भाऊबीज. माझा मावसभाऊ ओवाळून घ्यायला आला. भडगाव रोडकडे त्यांची शेती आहे, कापूस. वय तेवीस, हुशार, मोबाइल माझ्यापेक्षा जास्त कळतो त्याला. फराळ करता करता त्याने मला फोन दाखवला. अमेरिकेतल्या आयोवा राज्यातला एक सर्व्हे त्याच पहाटे आला होता. ॲन सेल्झर नावाच्या बाई, आयोवात त्यांचा दबदबा, आणि त्या म्हणत होत्या की कमला हॅरिस तिथे तीन टक्क्यांनी पुढे. ट्रम्पच्या हक्काच्या राज्यात. आणि त्याच्याकडे एक ॲप होतं, त्यावर "हॅरिस जिंकेल, हो" हे साडेचार रुपयांना मिळत होतं. जिंकली तर दहा रुपये. हरली तर शून्य.

त्याने विचारलं, "ताई, तुझी ती अंदाजवाली मॉडेलं काय म्हणतात?" मी म्हटलं, फिफ्टी-फिफ्टी. खरंच तेच होतं, सगळी मोठी मॉडेलं नाणं उडवल्यासारखंच सांगत होती. तो म्हणाला, "म्हणजे पाच रुपयांची वस्तू साडेचारला मिळते." आणि मी काय म्हटलं? मी म्हटलं, "गणित बरोबर आहे."

गणित बरोबरच होतं. आजही बरोबर आहे. पण ते गणित तेव्हा चालतं जेव्हा तुम्ही तोच खेळ शंभर वेळा खेळणार असता. अमेरिकेची निवडणूक चार वर्षांतून एकदा. त्याच्याकडे डाव एकच होता. मी हे त्याला सांगितलं नाही. ओवाळणीच्या ताटासमोर कोण सांगतं? आणि खरं सांगू, मला बरं वाटत होतं की तो मला विचारतोय.

६ तारखेला निकाल. ट्रम्प ३१२, हॅरिस २२६. आयोवा ट्रम्पनी तेरा टक्क्यांनी जिंकलं. दोन दिवसांनी मावशीचा फोन आला. पहिल्या वेचणीच्या कापसाचे पैसे, पाच क्विंटलचे, ३५ हजार रुपये, त्यातून खताची उधारी द्यायची होती. मावसांनी त्याच्याकडे बँकेत भरायला दिले होते.

मी नंतर बराच विचार केला की मी नेमकं काय चुकले. अमेरिकेत सात राज्यं अटीतटीची होती. प्रत्येकात पन्नास-पन्नास. सातही ट्रम्पकडे जायची शक्यता किती? सात नाणी उडवली आणि सातही छापा, १२८ मध्ये एकदा. पण झालं तेच, सातही ट्रम्पकडे. कारण ती सात वेगळी नाणी नव्हतीच. हे आपल्याला शिकवायला अमेरिका कशाला पाहिजे? गिरणाकाठच्या एका गावात पाऊस हुकला की शेजारच्या सहा गावांत तो भरून येतो का? सगळीकडेच हुकतो. सर्व्हे एका राज्यात एका बाजूला चुकला की बाकीच्यांत त्याच बाजूला चुकतो. त्यामुळे "फिफ्टी-फिफ्टी" म्हणजे निकाल घासून लागेल असं नाही. एकतर्फी लागेल, पण कुठल्या बाजूला ते माहीत नाही, असंही असू शकतं. २०१६ ला एका नावाजलेल्या मॉडेलने ट्रम्पना साधारण २९ टक्के दिले होते आणि लोक म्हणाले मॉडेल चुकलं. अरे, २९ टक्के म्हणजे दहातून तीनदा होतं. हवामान खात्याने तीस टक्के पाऊस सांगितला तर आपण कपडे वाळत घालतो का? घालतो, आणि भिजले तर खात्याला शिव्या देतो. तसंच.

आजोबांना कळलं तेव्हा ते रागावले नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, "मतं मोजली होती का तुम्ही?"

मी म्हटलं, तिथे मोजता येत नाहीत, तिथे कोट्यवधी लोक.

"मग कशाला सांगितलं?"

मावसभावाचे पैसे मी दिले, अर्धे. अर्धे तो देतोय, महिन्याला हजार, मावसांना. ते ॲप आता बंद आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा आला. त्यावर सही करणाऱ्या राष्ट्रपती म्हणजे त्याच, ज्यांचा निकाल माझ्या प्रोग्रामने दहा हजारांत दहा हजार वेळा बरोबर सांगितला होता. पण टेलिग्रामवर अजून लिंका फिरतात, तुमच्यातल्याही काहींकडे आल्या असतील. मला माहीत आहे कारण मलाही येतात.

तर आता २०२७. मुर्मूंची मुदत २४ जुलै २०२७ ला संपते. ज्याने मेसेज केला होता त्याच्यासाठी: नाव मला माहीत नाही, आणि एआयलाही नाही. आज जो नाव सांगेल तो १ जून २००७ च्या ओट्यावर बसलेला आहे. पण कागद आखता येतो. मी आखलाय. जम्मू-काश्मीरची विधानसभा परत आली आहे, तेव्हा खासदाराच्या मताचं वजन पुन्हा काढावं लागेल. महाराष्ट्राची ओळ भरता येते, २८८ गुणिले १७५, एकूण ५०,४००. त्यात आपल्या जिल्ह्याचे ११ आमदार. दोन खासदार धरून २०२२ च्या वजनाने आपण ३,३२५ होतो, म्हणजे देशाच्या हजार मतांत तीन. फार नाही, पण शून्य पण नाही.

उत्तर प्रदेशच्या ओळीत मी ४०३ गुणिले २०८ करून ८३,८२४ लिहिलंय, सगळ्यात मोठी ओळ. तिच्यापुढचे दोन रकाने रिकामे आहेत, कारण तिथली विधानसभा निवडणूक राष्ट्रपतिपदाच्या आधी काही महिने होईल. त्या निकालाच्या दिवशी टीव्हीवर मुख्यमंत्री कोण याची चर्चा असेल. तुम्ही शांतपणे २०८ चा पाढा म्हणा.

कागद इथल्या बोर्डावर लावून जाते. ज्याला ज्या राज्याचा निकाल कळेल त्याने पेन्सिलने भरायचा, पेनने नाही. आजोबांची अट आहे. चला, खालून चहा आलाय, प्रश्न चहा घेता घेता विचारा.